न चुरचुरलेलं लाकूड

१

"पावसात वर आलेल्या माणसाला चहा देण्याआधी त्याचं लाकूड हातात घेऊन बघत जा, झेल्का," असं आता खाली गावात राहणाऱ्या माझ्या सासूबाईंनी, इर्माबाईंनी, मला पहिल्याच उन्हाळ्यात बजावलं होतं. मी "हो आई" म्हटलं आणि विसरून गेले. कॉलेजात रसायनशास्त्र शिकलेली मुलगी मी. मला वाटलं, सासूबाई चिकट आहेत. लाकूड बारीक निघालं तर चहात लिंबू कमी पिळायचं, असला काहीतरी हिशेब असणार.

आमचं वाटसरूंसाठीचं डोंगरघर तात्रा पर्वतात, ओर्लिक शिखराच्या खांद्यावर. तिथवर गाडी येत नाही. पीठ, बटाटे, गॅसची टाकी, सगळं माणसांच्या पाठीवरून येतं. आणि सरपण येतं पाहुण्यांच्या हातून. खाली, जिथे डांबरी रस्ता संपतो, तिथे बीच झाडाच्या ओंडक्यांचा ढीग घातलेला असतो. वर येणारा प्रत्येक जण त्यातला एक उचलतो, दोन-अडीच तास छातीशी धरून चढतो, आमच्या दारात ठेवतो आणि बदल्यात फुकट चहा घेतो. नियम म्हणून कुठे लिहिलेलं नाही. पण रिकाम्या हाताने आमचं दार उघडतो तो फक्त वारा. माणसाला लाज वाटते.

त्या दिवशी सकाळी माझे सासरे, वेंदेलिनबाबा, सामान आणायला खाली निघाले. पाठीवर रिकामी लाकडी चौकट, तिच्यावर गुंडाळलेलं लाल ताडपत्रीचं कापड. जन्मभर हमाली केलेला माणूस. सत्तरी उलटली तरी पाठीवरून चौकट उतरत नव्हती.

"बाबा, आज नका जाऊ," मी म्हटलं. "आठवडाभर पाऊस धरलाय. साखळीचा खडक लोखंडी साखळी धरूनही निसरडा लागेल."

"साखळी माझ्यापेक्षा तरुण आहे," ते म्हणाले. "तिला भीती वाटत असेल तर ती नको येऊ दे. तुला काय आणू?"

मी त्यांच्या कानाशी लागून सांगितलं, "तिंकासाठी केळी." कानाशी अशासाठी, की गेझाने, माझ्या नवऱ्याने, ऐकलं असतं तर म्हणाला असता, डोंगरावर केळी हवीत म्हणे राणीसाहेबांना! तिंका आठ महिन्यांची होती आणि बटाट्याला तोंड लावत नव्हती.

जेवणाच्या वेळेपर्यंत बाबा परत यायला हवे होते. मी त्यांच्या फेल्टच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, सपाता स्टोव्हजवळ ऊबेला ठेवल्या. आमच्याकडे बूट दारात काढून सपाता घालायच्या, मग तो मंत्री असो की मेंढपाळ. जेवणं झाली. कोबीचं आंबट सूप दोनदा गरम केलं. फोनची तार सकाळच्या विजेनेच तुटली होती आणि मोबाइल अजून आमच्या डोंगरापर्यंत पोचले नव्हते.

सपाता तापून गेल्या होत्या. त्यांत पाय नव्हते.

२

दार उघडलं तेव्हा मी धावतच गेले. बाबा नव्हते. देझिदेरकाका होते.

देझिदेरकाका म्हणजे आमच्या खोऱ्यातल्या गिर्यारोहक मंडळाचे अध्यक्ष. पांढरी मिशी, इस्त्रीचा शर्ट, बोलणं नेहमी सभेला उभं राहिल्यासारखं. वसंतात शिट्टी घळीत दरड कोसळली, तेव्हा "ही वाट बंद आहे" ही पाटी त्यांनी स्वतःच्या हाताने ठोकली होती. शिट्टी घळ म्हणजे वर येण्याची जुनी चोरवाट. ढिगाच्या बऱ्याच अलीकडे ती रस्त्यापासून फुटते, साखळीच्या खडकाच्या पलीकडून, झुडपांना धरून सरळ वर चढते आणि आमच्या लाकडाच्या खोपीमागे निघते. वेळ निम्मा, धोका दुप्पट. त्या वाटेने गेलेल्या दोन पोरांना देझिदेरकाकांनी मंडळातून काढून टाकलं होतं, तेही भर सभेत नावं घेऊन.

"काका, बाबा दिसले का वाटेत?" मी त्यांच्या हातातलं लाकूड घेता घेता विचारलं.

त्यांनी आधी बूट काढले. मग एका पायाचा मोजा, मग दुसऱ्या पायाचा. मग म्हणाले, "वेंदेलिन? हो, हो. खाली ढिगापाशी भेटला. म्हणाला, पाऊस फार आहे, गावात परत जातो, उद्या येईन. काळजीचं कारण नाही, सूनबाई."

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मी त्यांचं लाकूड स्टोव्हच्या डाव्या अंगाला वाळत टेकवलं आणि चहात लिंबाबरोबर रमही ओतली.

तिंका माझ्या कडेवर होती. काका तिच्याकडे बघून म्हणाले, "येताहेत हां तुझी केळी!" मग कप खाली ठेवून गेझाला विचारलं, "काय रे, दोर कुठे ठेवतोस हल्ली?"

"कपाटात, कुलपात. का?"

"असंच. मंडळाचा अध्यक्ष आहे, माहीत असावं."

कोपऱ्यात इम्रो बसला होता. इम्रो आमचा दुसरा हमाल, पन्नाशीचा, बैलाच्या मानेचा. त्याचं आणि बाबांचं आदल्याच संध्याकाळी जोरदार वाजलं होतं. "तू आता म्हातारा झालास, चौकट मला दे," असं इम्रो म्हणाला होता आणि बाबांनी त्याच्या अंगावर सुपाचा चमचा फेकला होता.

तोच इम्रो आता नाकातून हसला.

"वेंदो? भरलेलं ओझं घेऊन मागे फिरला?" तो म्हणाला. "अध्यक्षसाहेब, उचललेलं ओझं हमाल टेकवतो, झाकतो, वाटेत सोडूनसुद्धा येतो. पण खाली परत नेत नाही. आमच्यात ते अपशकुनाचं असतं. आणि वेंदो तर स्वतःच्या लग्नाला ओझं पोचवून मग गेला होता."

३

"माणूस बदलतो रे वयाने," गेझा म्हणाला. "शेवटी पटलं असेल. झेल्का, तू आता दारात उभं राहणं बंद कर. तिंकाला वारा लागेल."

मी दारातच उभी राहिले. तशी मी काळजी करण्यात पटाईत आहे. तिंका जन्मल्यापासून तर झोपेतही मी तिचा श्वास मोजते. गेझा म्हणतो, तुझी काळजी वाळवून ठेवली तर हिवाळाभर सरपण पुरेल. त्यामुळे माझी ही काळजी खरी की रोजचीच, हे माझं मलाच कळत नव्हतं.

एवढ्यात धुक्यातून पिवळा रेनकोट वर आला. त्याच्या आत एक बाई होती आणि ती आमच्या पायरीवर येईपर्यंत बोलतच होती.

"बाई गं! ही वाट आहे की शिक्षा? साखळीला लटकून आले मी, साखळीला! कोशित्सेला माझं सलून आहे, माझ्या गिऱ्हाइकांनी मला असं बघितलं तर केस कापायला यायच्या नाहीत. हे घ्या तुमचं लाकूड. बाळंतपणात एवढं वजन नव्हतं. चहा कुठाय? अगंबाई, कित्ती गोड बाळ!"

आणि तिने तिंकाचा गाल चिमटीत धरला. गालावर तांबूस-तपकिरी बोटं उमटली.

"गंज आहे हो," ती ओशाळून म्हणाली. "तुमच्या साखळीचा. निघतच नाहीये."

मी ओल्या फडक्याने गाल पुसला आणि मनातल्या मनात तिला एक शिवी दिली. तिचं नाव बोहदाना. तिचं लाकूड मी उजव्या अंगाला टेकवलं, सपाता दिल्या, आणि सहज, म्हणजे अगदी सहज नव्हे, विचारलं, "वाटेत कुणी भेटलं?"

"कुणी नाही. चिटपाखरू नाही. हां, ते एक लाल गाठोडं होतं."

"कसलं लाल गाठोडं?"

"साखळी सुरू होते ना, तिथे खडकाखाली कोरड्या जागेत. लाकडी शिडीसारखं काहीतरी, वर लाल कापड. मला वाटलं तुमच्याकडे असंच ठेवतात. सामान चोरीला जात नाही म्हणतात ना डोंगरावर?"

गेझाच्या हातातलं ताट खाली आलं. मी देझिदेरकाकांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

बाबांचं ओझं साखळीपाशी होतं. आणि बाबा, काकांच्या म्हणण्याप्रमाणे, खाली गावात.

४

"ती वाटेला नवखी आहे," देझिदेरकाका म्हणाले. "धुक्यात दगडही गाठोड्यासारखा दिसतो."

"लाल दगड?" बोहदाना म्हणाली. "काका, मी रोज केसांना सतरा जातीचे लाल रंग लावते. मला लाल सांगू नका."

"किंवा मी गेल्यावर तो परत चढला असेल."

"मग तो कुठाय?" इम्रो उठला.

गेझा गोंधळला. दिवस मावळायला फार वेळ नव्हता. बाबा गावात असतील तर जायची गरजच नव्हती. साखळीवरून पडले असतील तर खालच्या ओढ्यात शोधायला हवं होतं, म्हणजे खडकाला पूर्ण वळसा. तिसरीकडे कुठे असतील तर तिसरीकडे. एकदा चुकीच्या बाजूला गेलं की त्या उजेडात दुसरी बाजू गाठता येणार नव्हती.

"आधी गावात जाऊ," गेझा म्हणाला. "काकांनी डोळ्यांनी पाहिलंय."

"पाच मिनिटं दे," मी म्हटलं. "फक्त पाच."

मी इम्रोला स्वयंपाकघरात ओढलं. त्याचे गुडघे चिखलाने भरलेले होते आणि हात कोपरापर्यंत गंजाने लाल. हे मी सकाळपासून बघत होते.

"इम्रोकाका, सकाळी बाबा गेल्यावर तुम्ही कुठे गेला होता?"

"झऱ्याची नळी बघायला."

"झऱ्यावर मी होते. तिंकाची लंगोटं धूत होते. तुम्ही तिथे नव्हता."

तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. काल चमचा फेकलेला. चौकट हवी असलेला. साखळीच्या गंजाने माखलेला.

"साखळीवर गेलो होतो," तो शेवटी पुटपुटला. "मधला खिळा हलत होता. म्हाताऱ्याला सांगितलं तर म्हणतो, तुझे हात हलतात. म्हणून तो खाली गेल्यावर गुपचूप जाऊन नवा ठोकून आलो. त्याला सांगू नकोस, सूनबाई. मी त्याच्यासाठी ठोकलाय हे कळलं तर उपटून दरीत टाकेल."

मी दारातून डोकं काढलं. "बोहदानाताई, साखळीचे खिळे कसे होते?"

"भयंकर! एकच काय तो चकचकीत, मधला. त्यालाच तर मिठी मारून पाच मिनिटं उभी होते."

इम्रो खरं बोलत होता. "आणि तुम्ही तिथे होता तेव्हा ते लाल ओझं?"

"नव्हतं. असतं तर मी सोडून आलो असतो का?"

म्हणजे साखळी धड होती. बाबा साखळीखाली पोचले होते, ओझं नीट कोरड्या जागी टेकवलं होतं, घाई न करता वर कापडही झाकलं होतं. पडणारा माणूस ओझं झाकून पडत नाही. ते स्वतःच्या पायांनी कुठेतरी गेले होते.

कुठे? आणि का?

५

तिंका रडायला लागली. गारठली होती बिचारी. गोष्ट कितीही मोठी असो, लंगोट ओलं झालं की बदलावंच लागतं. स्टोव्हवरच्या दोरीवरची लंगोटं अजून दमट होती, म्हणून मी जाळ वाढवायला बसले.

आधी उजव्या अंगाचं, बोहदानाचं लाकूड घातलं. ते जे चुरचुरायला लागलं! दोन्ही टोकांतून फेस, वाफ, सूं-सूं आवाज. खालचा ढीग आठवडाभर पावसात उघडा पडला होता, आणि त्यावर ही चढण. आत पाणी मुरलेलं होतं. मग डाव्या अंगाचं, देझिदेरकाकांचं घातलं.

आवाज नाही.

सालीवरून किंचित वाफ निघाली तेवढीच. मग एकदम स्वच्छ, पिवळी ज्योत. वर्षभर खोपीत वाळलेलं लाकूड जळतं तशी.

मी तशीच बसून राहिले. हातात लंगोट, मांडीवर तिंका, आणि कानात सासूबाई. त्याचं लाकूड हातात घेऊन बघत जा.

मी मागच्या दाराने खोपीत गेले. छपराखाली आमचा स्वतःचा साठा अगदी भिंतीसारखा रचलेला असतो. बाबांची रचण्याची पद्धत अशी, की मध्ये नखही जाणार नाही. त्या भिंतीत, घळीच्या बाजूला, एक भोक होतं. बरोबर एका ओंडक्याएवढं.

परत आले. देझिदेरकाका कपाटाशी उभे होते, कुलूप चाचपत. मला पाहून मागे सरले.

"काका," मी म्हटलं, "जरा तिंकाला धरता का? हात मोकळा नाहीये."

"मी? अगं, मला लहान मुलांची सवय..."

मी तिला त्यांच्या हातात देऊनही टाकलं. क्षणभरच. मग परत घेतलं. तिच्या लोकरी कोटाचे पांढरे धागे त्यांच्या तळव्यांना चिकटून आले. दोन्ही तळव्यांवर काळसर, चिकट डाग होते. मी वाकून वास घेतला.

राळ. खुरट्या पाइनची.

"गेझा," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच नवा वाटला, "दोर काढ. गावात जायचं नाही. ओढ्यातही नाही. बाबा शिट्टी घळीत आहेत."

६

"काय बोलतेस काय तू?" गेझा म्हणाला.

"काकांना विचार, त्यांच्या हाताला गंज का नाही. बोहदानाताईंचा साबणाने निघत नाही. इम्रोकाकांचा कोपरापर्यंत आहे. साखळी न धरता ती वाट चढणारा माणूस अजून जन्मायचाय, आणि पावसात तर नाहीच. काकांच्या हाताला राळ आहे. खुरटी पाइनची झुडपं धरत चढायला लागतं असं एकच ठिकाण आहे इथे."

"अगं पण त्यांनी लाकूड आणलं ना ढिगातून?"

"आपल्या खोपीतून आणलं. घळीची वाट ढिगाच्या अलीकडेच फुटते, तिथे लाकूड कुठून मिळणार? आणि रिकाम्या हाताने दारात यायचा धीर झाला नाही. देझिदेरकाका रिकाम्या हाताने! सगळ्यांनी वळून बघितलं असतं. पण ते लाकूड स्टोव्हमध्ये बघ. चुरचुरतंय का?"

सगळ्यांनी कान दिला. एक लाकूड सूं-सूं करत होतं. दुसरं गुपचूप जळत होतं.

"म्हणजे काका ढिगापाशी गेलेच नाहीत," मी म्हटलं. "मग बाबा ढिगापाशी कसे भेटले? आणि तरी त्यांना केळी माहीत होती. केळ्यांचं मी बाबांच्या कानात सांगितलं होतं, म्हणजे बाबांनीच त्यांना सांगितलं. खरेदी करून परत वर येताना. कुठे? जिथे ओझं आहे त्याच्या जवळपास. साखळीच्या सुरुवातीला खडकाची एक कड ओलांडली की पलीकडे घळ. तिथून कुणी हाक मारली तर ऐकू येते. बाबांनी ओझं टेकवलं, झाकलं, आणि हाकेला गेले." मी काकांकडे वळले. "हाक तुम्ही मारलीत ना, काका?"

देझिदेरकाका बाकावर बसले, सभा संपल्यावर एकटाच उरलेल्या माणसासारखे.

"घळीतल्या निसरड्या दगडी फरशीवर अडकलो होतो," ते म्हणाले. "वरही जाता येईना, खालीही. तो आला. हसला माझ्यावर. म्हणाला, अध्यक्ष, पाटी वाचता येत नाही का? नातीची केळी काळी पडायला लागली, लवकर चढ. खांद्यावर पाय घ्यायला लावून मला वर ढकललं. आणि त्याच्या पायाखालचा दगड सुटला. पाय अडकला. बोलत होता, शुद्धीवर होता. म्हणाला, इम्रोला दोर घेऊन पाठव."

"इम्रोला?" इम्रो म्हणाला.

"तुझंच नाव घेतलं. मी खरंच येत होतो सांगायला. खोपीपाशी आलो आणि... मी दोन पोरांना याच वाटेसाठी हाकललंय. वाटलं, दोर घेऊन एकटाच जाईन, काढून आणीन, कुणाला कळणार नाही. तू दारात विचारलंस आणि तोंडातून भलतंच निघालं. मग कपाटाला कुलूप."

"आणि तुम्ही चहा प्यायलात," बोहदाना म्हणाली. एवढंच.

इम्रो त्यांच्यावर धावून जाईल असं मला वाटलं. पण तो कपाटाकडे गेला. किल्लीची वाट न बघता त्याने कुलूप कोयंड्यासकट उपटलं, दोर खांद्यावर टाकला, स्वतःची रिकामी चौकट पाठीला लावली.

"उठा अध्यक्ष," तो म्हणाला. "कुठल्या फरशीवर, ते दाखवा. मारामारी नंतर."

७

गेझासकट ते तिघे घळीत उतरले आणि धुक्याने त्यांना पुसून टाकलं. मी पायरीवर उभी राहून घंटा वाजवायला लागले. धुक्यात घराची दिशा कळावी म्हणून आमच्याकडे घंटा असते. एका हाताने दोरी, दुसऱ्या हातावर तिंका. बोहदानाने न विचारता तिंकाला घेतलं, आपल्या रेनकोटात गुंडाळलं, आणि मला म्हणाली, "दोन्ही हातांनी वाजव. ह्या गालावर काय गंज लागायचा तो लागू दे."

मी वाजवत राहिले. मला सगळं चुकल्यासारखं वाटत होतं. राळ दुसरीकडूनही लागू शकते. भोक उंदराने... नाही, उंदीर ओंडका नेत नाही. पण समजा बाबा थंडीने... मी घंटेच्या आवाजात तो विचार बुडवत होते.

आणि मग धुक्यातून एक आवाज आला, खणखणीत, चिडलेला.

"डावीकडे टाक पाय, बैला! डावीकडे! मी ही वाट तुझ्या जन्माच्या आधीपासून ओळखतो!"

"तोंड बंद ठेव, नाहीतर खाली टेकवीन."

"टेकव. पण परत नेऊ नकोस. उचललेलं ओझं परत जात नाही!"

मी घंटा सोडली आणि मोठ्याने हसायला लागले. रडतही होते बहुधा.

इम्रोच्या चौकटीवर, गॅसच्या टाकीच्या जागी, माझे सासरे बसले होते. पाठीला पाठ लावून, दोराने आवळलेले, फळकुटात बांधलेला पाय पुढे काढून, चेहरा निळा पडलेला आणि तोंड चालू. त्यांना खालून हाताने तोलत गेझा. आणि सगळ्यात मागे, तोल सांभाळत, पन्नास किलोंचं लाल कापडाचं ओझं पाठीवर घेतलेले देझिदेरकाका. ते त्यांनी स्वतः मागून घेतलं होतं. खडकाच्या कडेवरून ते ओझं ओढून आणताना त्यांच्या हातांना आता गंज, राळ आणि रक्त तिन्ही लागलं होतं.

"झेल्का!" बाबा वरून ओरडले. "वजन करा माझं! इम्रोने आजवर उचललेलं हे सगळ्यात जड ओझं आहे, खरं की नाही?"

"सगळ्यात कटकटीचं," इम्रो म्हणाला.

मी बाबांच्या गारठलेल्या पायात तापलेली सपात घातली. एकच, दुसरा पाय सुजून भोपळा झाला होता. गेझाने सगळ्यांसमोर माझं डोकं छातीशी धरलं आणि म्हणाला, "आजपासून तुझ्या काळजीवर कुणी हसला तर त्याला मी लाकूड न आणता चहा मागणाऱ्यांत बसवीन." बोहदानाने टाळ्या वाजवल्या. केळी निम्मी काळी पडली होती. तिंकाने ती चाटून पुसून खाल्ली आणि आजोबांच्या दाढीला उरलेली फासली.

पावसाने ओघळलेल्या काचांमागे मग आम्ही सगळे जेवलो. देझिदेरकाका दारापाशी उभे होते. बाबांनी त्यांना हाक मारली, "अध्यक्ष, बसा. पण उद्या खाली गेल्यावर सभा बोलवायची. स्वतःचं नाव घ्यायचं, त्या दोन पोरांची परत लिहायची." काकांनी मान हलवली, आणि तसं केलंही. पाटी अजून तिथेच आहे. तिच्याखाली आता त्यांच्याच अक्षरात आणखी एक ओळ आहे: "मी गेलो होतो. तुम्ही जाऊ नका."

काही दिवसांनी खाली गावात सासूबाईंना मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, "मला वाटायचं तुम्ही लाकडाचं वजन बघायला सांगता."

"वजन?" त्या म्हणाल्या. "वजनाचं काय करायचंय? ओलं की कोरडं ते बघायचं. कोरडं असलं की समजायचं, हा आडवाटेने आलाय. आडवाटेने आलेला माणूस वाटेत कुणाला पाहिलं ते खरं सांगत नाही. म्हणजे कुणीतरी उठून बघून यायचं. एवढंच असतं गं."

म्हणून हे वाचून झालं की एक करा. तुमचंही कुणीतरी असेल, खालच्या मजल्यावर, दुसऱ्या गावात, फोन न उचलणारं. आणि कुणीतरी तुम्हाला सांगितलं असेल, "मला भेटले होते, बरे आहेत, काळजीचं कारण नाही." सांगणारा भला माणूस असेल. तरीही. पुस्तक बाजूला ठेवा, चपला घाला, आणि तुम्ही स्वतः जाऊन त्यांना बघून या.